हिशोब घरचा : बंद पडलेल्या गिरणीचे पैसे

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा महिन्याच्या खर्चाची, भिशीची नाहीतर मुलांच्या फीची असतात. पण परवा जालन्याहून एका भगिनीचे पत्र आले, आणि ते वाचून मी ठरवलेला विषय बाजूला ठेवला. पत्र एकीचे असले तरी दुकान, गिरणी, शिवणकाम किंवा पापड-मसाल्याचा घरगुती धंदा असलेल्या प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे.

त्या लिहितात :

"ताई, आमची पिठाची गिरणी आणि मिरची-मसाल्याचं कांडप आहे. मालक मशीन बघतात, मी गिऱ्हाईक आणि वही सांभाळते. यंदा एप्रिलच्या सुरुवातीला, ऐन मसाल्याच्या दिवसांत, दुपारी मेन बोर्डात शॉर्टसर्किट झालं. मोठा आवाज झाला, जाळ दिसला, मग धूरच धूर. बोर्डाशेजारची मिरचीची पोती पेटली, कांडपाचा पट्टा जळला, छताचे पत्रे काळे झाले. शेजाऱ्यांनी वाळू टाकून विझवलं. जेमतेम दहा मिनिटांचा प्रकार, पण गिरणी जवळजवळ दोन महिने बंद राहिली. बँकेचं कर्ज घेताना विमा काढला होता. त्यात आगीचा भाग आहे आणि धंदा बंद पडला तर नफ्याची भरपाई, असाही भाग आहे. आता कंपनीचं पत्र आलंय की नुकसान शॉर्टसर्किटनं झालं, आगीनं नाही; म्हणून आगीचा दावा नामंजूर, आणि तो नामंजूर म्हणून बंद काळाचाही नामंजूर. मालक म्हणतात, जाऊ दे, कोर्टकचेरी आपल्याला झेपायची नाही. हप्ता थकलाय, मुलीची कॉलेजची फी भरायचीय. एवढ्या मोठ्या कंपनीपुढे आमचं काय चालणार?"

ताईंनो, चालते. मात्र रागावून किंवा रडून नाही, कागदाने चालते. 'जालना सोने का पालना' म्हणणाऱ्या व्यापारी गावातल्या बाईला कागदाचे महत्त्व मी काय सांगावे! नामंजुरीचे पत्र म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. ते समोरच्या पक्षाचे म्हणणे आहे, आणि त्याला उत्तर देता येते.

आधी पत्रातले कारण वाचा

असे पत्र आले की घरात पहिला शब्द 'नामंजूर' एवढाच दिसतो आणि पत्र कपाटात जाते. तसे करू नका. पत्रात पॉलिसीचे कोणते कलम सांगितले आहे ते बघा आणि पॉलिसी काढून ते कलम शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. नुसतेच 'अटीत बसत नाही' असे लिहिले असेल, तर कोणते कलम ते लेखी मागा.

या भगिनींच्या बाबतीत कारण आहे शॉर्टसर्किटचे. आगीच्या विम्यात असे एक कलम खरेच असते : विजेचे यंत्र किंवा उपकरण जादा दाबाने, शॉर्टसर्किटने किंवा आपोआप तापून बिघडले, तर त्याची भरपाई नाही. पण त्याच कलमात पुढे असते की ही सूट फक्त त्या विशिष्ट उपकरणापुरती आहे. म्हणजे जो बोर्ड स्वतः शॉर्टसर्किटने गेला त्याचे पैसे मिळणार नाहीत. पण त्यातून निघालेल्या आगीने मिरचीची पोती, पट्टा, पत्रे जळले असतील, तर ते नुकसान आगीचेच. कंपनीच्या पत्रात कलमाचा पहिला भाग आला आणि दुसरा राहिला. म्हणूनच कलम स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे, बरं का!

गोव्याच्या कारखान्याची गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, दहा मिनिटांच्या जाळाला आग कोण म्हणणार? यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकालच आहे, आणि तोही आपल्या शेजारच्या गोव्यातल्या प्रकरणात.

गोव्यात झुआरी इंडस्ट्रीजचा खताचा कारखाना. तिथे ८ जानेवारी १९९९ रोजी मुख्य स्विचबोर्डात शॉर्टसर्किट होऊन भडका उडाला. धूर आणि काजळी पसरली, जनरेटरही बंद पडले आणि कारखान्याची वीज गेली. वीज गेल्यामुळे बॉयलरला पाणी-वाफ मिळेना, गरम वायू मात्र आत येतच राहिले, आणि बॉयलर खराब झाला. कारखान्याने न्यू इंडिया अॅश्युरन्सकडे आगीचा विमा घेतला होता आणि आगीमुळे पुढे होणाऱ्या नुकसानीचाही वेगळा विमा घेतला होता. कंपनीने दावा नाकारला. तिचे म्हणणे असे की बॉयलर आगीने जळला नाही, पाण्यावाचून बिघडला, आणि बोर्डातला भडका म्हणजे आग नव्हे.

प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडून सर्वोच्च न्यायालयात गेले. २००९ मध्ये निकाल कारखान्याच्या बाजूने लागला. न्यायालयाने सांगितले की आग किती वेळ होती याला महत्त्व नाही, क्षणभराची असली तरी ती आगच. आणि नुकसानीचे कारण शोधताना साखळीतली शेवटची कडी तेवढी बघायची नाही. ज्या मूळ घटनेने पुढचे सगळे घडवले, ते खरे कारण.

केवढा तो कारखाना आणि कुठे आपली गिरणी! पण बोर्ड तोच, भडका तोच आणि कंपनीचा युक्तिवादही तोच. या भगिनींनी आपल्या उत्तरात 'न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध झुआरी इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, २००९' ही ओळ अवश्य घालावी.

एकाच्या खांद्यावर दुसरा

धंदा बंद पडल्याच्या भरपाईला कंपनीच्या भाषेत 'लॉस ऑफ प्रॉफिट' म्हणतात. हा विमा आगीच्या विम्याच्या खांद्यावर उभा असतो. वस्तूचे नुकसान झाले आणि त्याचा दावा मान्य झाला, तरच बंद काळाचे पैसे मिळतात. त्यामुळे आधी जोर लावायचा तो आगीच्या दाव्यावर. तो उभा राहिला की दुसऱ्याचे नामंजुरीचे कारण आपोआप गळून पडते.

मात्र हा भाग आपल्या पॉलिसीत आहे का, हे आजच बघा. बँक कर्जापुरता विमा काढते, त्यात बहुधा माल आणि यंत्र एवढेच असते. बंद काळाचा भाग वेगळा मागावा लागतो आणि त्याचा हप्ताही वेगळा. तो घेतलाच नसेल तर भांडून उपयोग नाही.

तुमची वही हाच पुरावा

आता हिशोब. बंद काळात गल्ल्यात न आलेली सगळी रक्कम कंपनी देत नाही. ती देते बुडालेला ढोबळ नफा. म्हणजे निव्वळ नफा, अधिक धंदा बंद असला तरी न चुकणारे खर्च : जागेचे भाडे, गड्याचा पगार, कर्जाचे व्याज.

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. गेल्या वर्षी गिरणीची एकूण मिळकत ६ लाख रुपये. निव्वळ नफा २ लाख १० हजार. भाडे ४८ हजार, गड्याचा पगार ८४ हजार, व्याज १८ हजार, मिळून १ लाख ५० हजार. ढोबळ नफा झाला ३ लाख ६० हजार, म्हणजे मिळकतीच्या शेकडा ६०.

गेल्या वर्षी एप्रिल-मे या दोन महिन्यांची मिळकत १ लाख ६० हजार होती. यंदा शेजारची घरघंटी भाड्याने घेऊन कसेबसे २० हजार मिळाले. घट १ लाख ४० हजार, तिचे शेकडा ६० म्हणजे ८४ हजार. घरघंटीच्या भाड्याचे ६ हजार गेले, तेही मागता येतात, कारण त्या खर्चाने नुकसान कमीच झाले. घरमालकाने भाड्यातले ४ हजार सोडले असतील तर ते वजा. राहिले ८६ हजार. पॉलिसीत सुरुवातीचे काही दिवस वगळलेले असतात, त्यांचे पैसे यातून कमी होतील.

आणखी एक मेख आहे. वर्षाचा ढोबळ नफा ३ लाख ६० हजार असताना विमा २ लाख ७० हजारांचाच काढला असेल, तर तो पाऊण भागाचा झाला, आणि भरपाईही पाऊणच : ८६ हजारांचे ६४ हजार ५००. हप्ता वाचवायला आकडा कमी लिहिला की असा फटका बसतो.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट सांगते. तुलना करायची ती गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी. वर्षाच्या मिळकतीला बाराने भागून कोणी सरासरी काढली, तर ऐन मोसमाचे दोन महिने पावसाळ्यातल्या दोन महिन्यांसारखे दिसतील. आपल्या उदाहरणात सरासरीने दोन महिन्यांचे १ लाख येतात, प्रत्यक्षात होते १ लाख ६० हजार. हा फरक कोण दाखवणार? तुमची वही! कोणाचे किती पायली दळण, किती किलो मिरची, किती पैसे, हे रोज लिहिणारी बाई या दाव्यात सगळ्यात मोठी साक्षीदार आहे. वहीच्या जोडीला बँकेचा खातेउतारा, मोबाइलवर आलेल्या पैशांच्या नोंदी, महावितरणची बिले आणि आयकर विवरण भरत असाल तर त्याची प्रत लावा. एप्रिल-मेचे वीजबिल दरवर्षी चढते आणि यंदा पडले, एवढे दाखवले तरी बंद काळ बोलतो.

आता पावले टाका

१. कागद गोळा करा. पॉलिसी सर्व पानांसह, दाव्याचा अर्ज, नामंजुरीचे पत्र, जळालेल्या जागेचे फोटो, पोलिसांचा पंचनामा किंवा अग्निशमन दलाचा दाखला असेल तर तो, मिस्त्रीचा लेखी अहवाल, दुरुस्तीची बिले. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत कंपनीकडे लेखी मागा, ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. सर्व्हेअरने जळालेल्या पोत्यांचा उल्लेख केला असेल, तर अर्धे काम झाले. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असतो, पण तो अंतिम शब्द नसतो.

२. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र द्या. स्पीड पोस्टाने किंवा ई-मेलने, आणि पोच जपून ठेवा. फोनवर बोललेले कोणी लक्षात ठेवत नाही. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या व्यवस्थेतही तक्रार नोंदवता येते, तिचा फोन क्रमांक १५५२५५.

३. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जा. जालना जिल्हा पुण्याच्या लोकपालांच्या कक्षेत येतो. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. एकट्याच्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांची तक्रार घेतली जाते, ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार आहे. नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही, तर पुढचा रस्ता मोकळा राहतो.

४. तो पुढचा रस्ता म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबईला कंपनीच्या दारी जायला नको. भरलेला विम्याचा हप्ता ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. पण कित्येक आगीच्या पॉलिसींत नकारानंतर बारा महिन्यांत दाद मागावी अशी अट असते, म्हणून एक वर्ष हीच मर्यादा मनात धरा. मात्र लोकपाल आणि आयोग दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही.

कंपनी कधी म्हणते, 'तुम्ही व्यापारी, ग्राहक कसल्या?' घाबरू नका. गुजरातेत २००२ च्या दंगलीत नुकसान झालेल्या एका वाहन विक्रेत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले की धंद्यासाठी काढलेला विमा हा नुकसान भरून काढण्यासाठी असतो, नफा कमावण्यासाठी नव्हे. तेव्हा धंदेवाईकही ग्राहक असू शकतो. (हर्सोलिया मोटर्सचे प्रकरण म्हणून ते ओळखले जाते.)

आणि नामंजुरीचे पहिले पत्र जिवापाड जपा. सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की पत्रात न दिलेले नवे कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. आज 'शॉर्टसर्किट' लिहिले आणि उद्या 'तुम्ही उशिरा कळवले' म्हटले, तर ते चालायचे नाही.

पत्र कसे लिहावे म्हणून विचारणाऱ्या पुष्कळजणी असतात, म्हणून नमुना देते :

"मा. तक्रार निवारण अधिकारी यांस. पॉलिसी क्र. … दावा क्र. … आपल्या दि. … च्या पत्राने माझा दावा शॉर्टसर्किटच्या कारणाने नामंजूर केला आहे. मी विजेच्या बोर्डाची भरपाई मागत नसून, बोर्डातून लागलेल्या आगीने जळालेला माल, पट्टा व पत्रे यांची मागत आहे. आपण सांगितलेले कलम फक्त बिघडलेल्या उपकरणापुरते आहे. सोबत फोटो, मिस्त्रीचा अहवाल व बिले जोडली आहेत. आगीचा दावा मान्य करून, गिरणी बंद असलेल्या दि. … ते दि. … या काळातील ढोबळ नफ्याची भरपाई द्यावी. हिशोब व नोंदवहीच्या प्रती सोबत आहेत. नकार कायम असल्यास कलमासह कारण लेखी कळवावे व सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत द्यावी."

बस, एवढेच. 'आम्ही गरीब आहोत, दया करा' असे लिहायची गरज नाही. हप्ता भरलेला आहे, भीक मागत नाही आपण. पॉलिसी ज्याच्या नावावर असेल त्याचीच सही मात्र घ्या.

सहीच्या आधी थांबा

कधी कंपनी थोडी रक्कम देऊ करते आणि 'पूर्ण व अंतिम समाधान' असे छापलेल्या कागदावर सही मागते. हप्ता थकलेला असतो, हात पुढे होतो. अशा वेळी रक्कम पटत नसेल तर तसे त्याच दिवशी लेखी कळवा आणि सहीशेजारी 'हरकत राखून' असे लिहा. अशा पावतीच्या आधारे विमेदाराचा दाद मागण्याचा हक्क हिरावू नये, असे विमा नियामकाने २०१५ मध्येच कंपन्यांना बजावले आहे. तरीही मुकाट्याने केलेली सही पुढे त्रास देतेच.

प्रत्येक नकार चुकीचा नसतो

हेही सांगायला हवे. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने महिनोन्‌महिने बंद राहिली, तेव्हा अनेकींनी विचारले, ते पैसे का नाहीत? कारण आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत वस्तूचे प्रत्यक्ष नुकसान व्हावे लागते, आणि टाळेबंदीत दुकानाला आग लागली नव्हती की पाणी शिरले नव्हते. इंग्लंडमध्ये १५ जानेवारी २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने छोट्या व्यावसायिकांच्या बाजूने बराचसा निकाल दिला. पण तिथल्या त्या पॉलिसींत रोगराईमुळे किंवा सरकारी मनाईमुळे धंदा बंद पडला तर भरपाई, अशी कलमे छापलेली होती. म्हणजे तिथेही जिंकली ती लिहिलेली ओळच. आपल्या पॉलिसीत ओळ नसेल तर वकिलाला पैसे देण्याआधी दहादा विचार करा.

आमच्या जालन्याच्या भगिनीच्या बाबतीत ओळ आहे, जळालेल्या पोत्यांचे फोटो आहेत आणि आठ वर्षांच्या वह्या आहेत, असे त्यांनी पत्राच्या शेवटी लिहिले आहे. ताई, मालकांना सांगा की कोर्टकचेरी अजून लांब आहे. आधी एक पत्र, मग महिनाभर वाट, मग पुण्याला बिनफीचा अर्ज. वही तुमची आहे, हिशोब तुम्हीच मांडा आणि सहीला कागद त्यांच्यापुढे ठेवा. दरम्यान बँकेत जाऊन व्यवस्थापकांना नामंजुरीचे पत्र आणि तुमचे उत्तर, दोन्ही दाखवा आणि हप्त्याला मुदत लेखी मागा. न सांगता थकलेला हप्ता आणि सांगून मागितलेली मुदत यांत बँकेच्या लेखी फार फरक असतो.

आणि बाकीच्या मैत्रिणींनो, येत्या रविवारी दुपारी एवढे करा : दुकानाची पॉलिसी काढा, तिच्यात 'लॉस ऑफ प्रॉफिट' हा शब्द आहे का ते बघा, रक्कम आजच्या धंद्याला पुरेशी आहे का ते वहीशी ताडून बघा. आणि ती वही दुकानात ठेवत असाल तर तिच्या पानांचे दर महिन्याला मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जळालेल्या दुकानात जळालेली वही कोणाच्या उपयोगाची?

जालन्याच्या ताईंनी कंपनीचे उत्तर आले की जरूर कळवावे.